टीचरच्या फळीवर

माणसं एकमेकांच्या उपयोगी पडतात ती धावून, हात देऊन. मी टीचरच्या उपयोगी पडले ती बसून.

त्यांच्या ओसरीवर आंब्याच्या लाकडाची एक जाड फळी होती. खाली चित्र कोरलेला, रंग लावलेला ठसा, त्यावर दमट कागद, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा, त्यावर ती फळी आणि फळीवर मी. छापखान्यात दाब द्यायला लोखंडी यंत्र असतं म्हणे. टीचरकडं मी होते. "तुझं वजन चांगलं आहे," असं कौतुकानं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं, नंतरही नाही. तेव्हा मला दिवस गेलेले होते, त्यामुळं ते कौतुकही अर्धं पोटातल्या पोराचं होतं.

बसायचं म्हणजे हलायचं नाही. कागद केसभर सरकला तरी छाप दुहेरी उठतो, येशूला दोन नाकं येतात. आणि मी तर मुलखाची भित्री. पहिल्याच दिवशी चर्चची घंटा झाली आणि मी ताडकन उठले. टीचर ओरडल्या नाहीत. बिघडलेला कागद उजेडात धरून म्हणाल्या, "कौसल्या, घाबर. पण हलू नकोस. ती दोन वेगळी कामं आहेत."

हे वाक्य मी पुढं बाळंतपणात वापरलं. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा वापरलं. आता हे लिहितानाही छातीत धडधडतंय, सहावीत शाळा सुटलेल्या बाईनं असं काही लिहावं का म्हणून, तरी मी जागची हलत नाही.

टीचरचं नाव जेसिंता. पण वसईतल्या माणिकपूरच्या मागच्या अंगाला त्यांना नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेला. सख्खा धाकटा भाऊ बावतीस, तोसुद्धा त्यांना टीचरच म्हणायचा. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "बघायला आला होता एक. समोर भिंतीवरची तसबीर वाकडी झालेली, तो तासभर तिच्याकडे तोंड करून बसला आणि त्याला काही वाटलं नाही. मग मला पण काही वाटलं नाही."

मी जिंतूरकडची. लग्न झालं आणि नवऱ्यानं मला इतक्या लांब आणलं, की गाडीतून उतरल्यावर मी त्याला विचारलं होतं, इथून पुढं जमीन आहे का? तो वसई पूर्वेला नटबोल्टच्या कारखान्यात होता. बावतीसदादांच्या वाडीच्या कडेला पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. वाडीत केळी होती, विड्याच्या पानांचे वेल होते आणि मधोमध बावखल होतं. आमच्याकडं विहीर माहीत, तळं माहीत. बावखल हे दोन्हीच्या मधलं. खोदलेलं, पण बांधलेलं नाही. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जिरायचं, आणि उन्हाळ्यातही वाडीला पुरायचं. काठावर बारतोंडीची झाडं होती, खडबडीत हिरव्या फळांची, ज्यांच्याकडं कोणी ढुंकूनही बघत नसे.

टीचरची आणि माझी ओळख झाली ती माझ्या किंकाळीनं. मी दारात भांडी घासत होते आणि समोरच्या नालीतून लालभडक पाणी वाहत आलं. मी ओरडले, "कुणाला कापलं हो?" ओसरीवरून पांढऱ्या साडीतली एक उंच बाई डोकावली. साडीवर तांबडे डाग, हात कोपरापर्यंत लाल. माझी बोबडीच वळली.

"झाडाला," बाई म्हणाली. "थोडंसंच कापलंय. ये, बघ. मेलेलं नाही."

बारतोंडीचं मूळ होतं ते. झाडाच्या एकाच बाजूचं मूळ काढायचं, माती परत लोटायची आणि त्या झाडाला पुढची काही वर्षं हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. मूळ कुटून बावखलाच्या पाण्यात भिजवायचं, तुरटी घालायची, मंद आचेवर कढत ठेवायचं. उकळी येऊ द्यायची नाही. "उकळला की लाल रुसतो, विटकरी होतो," त्या म्हणायच्या. मग चिंचोक्याची खळ घालून दाट करायचं आणि ठशाला लावायचं. विहिरीचं पाणी त्यांनी कधीच सोडलं होतं. टँकरवाल्यांनी आजूबाजूच्या विहिरी उपसून नव्या बिल्डिंगींना पाणी पोचवलं आणि खालून खारं पाणी वर आलं. विहिरीचं पाणी मचूळ लागायचं, बादलीला तांबूस कड धरायचं. त्यात लाल काळवंडायचा. गोडं पाणी उरलं होतं ते बावखलात.

कागदही घरचाच. केळीचा घड उतरवला की खांब वाया जातो. तो चिरून, राखेच्या पाण्यात शिजवून, उखळात कुटायचा. कुटायचं काम टीचर स्वतः करायच्या आणि प्रत्येक घावाला एकेका जुन्या हेडमास्तरचं नाव घ्यायच्या. त्या लगद्यात मऊपणासाठी रद्दी लागायची. शाळेनं मोडीत काढलेल्या उत्तरपत्रिकांची पोती त्यांनी मागून आणली होती. त्या फाडायचं काम माझं. मी पहिला गठ्ठा घेतला आणि टराटरा सुरू झाले, तर टीचरनी हात धरला.

"आधी वाच. मग फाड. पोरानं तीन तास बसून लिहिलंय."

"मला नीट वाचता येत नाही, टीचर."

"त्यालाही नीट लिहिता येत नव्हतं. जमेल तुमचं दोघांचं."

तसं माझं वाचन परत आलं. मी आठवी-नववीचा इतिहास, भूगोल, विज्ञान असं सगळं चुकीच्या उत्तरांतून शिकले. एका पोरानं लिहिलं होतं की ज्वारी समुद्रात पिकते. मी पोट धरून हसले. घर सोडल्यापासूनचं ते पहिलं हसू असेल. टीचर म्हणाल्या, "हसू नकोस, त्यानं ज्वारी कुठे बघितलीय? तू सांग त्याला." आणि मी त्या फाटक्या कागदाला आमच्याकडची ज्वारी सांगितली. हुरडा सांगितला. सांगता सांगता रडले. टीचरनी तो कागदही लगद्यात टाकला आणि ढवळत राहिल्या. कधीकधी तयार कागदात शाईचा एखादा निळा ठिपका, तांबड्या पेनची एखादी फुली तशीच राहायची. तो कागद त्या मुद्दाम आकाशासाठी ठेवायच्या.

आकाश म्हणजे क्रुसाच्या वाटेवरचं. येशूला क्रूस खांद्यावर देऊन नेलं, त्या वाटेची चौदा स्थानं चर्चच्या भिंतीवर असतात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लोक एकेका चित्रापुढं थांबून प्रार्थना करतात, हे मला तिथंच कळलं. त्यांच्या चर्चमधली जुनी चित्रं ओल लागून सडली होती. टीचरना ती चौदा स्थानं करायची होती. आपल्या कागदावर, आपल्या रंगात. त्यांचा येशू वसईच्या वाटेनं चालायचा. कडेला केळी, पायाखाली चिखल. क्रूस उचलायला हात देणारा माणूस ताडी काढणारा, कमरेला कोयता. आणि वाटेवर रडणाऱ्या बायका लाल लुगड्यातल्या, टीचरच्या आईसारख्या. "आई चर्चमध्ये डाव्या भिंतीला बसायची," त्या मला म्हणाल्या. "साठ वर्षं त्या भिंतीकडे बघत बसली, एक बाई तिच्यासारखी दिसली नाही."

आई जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. लुगडं ट्रंकेत होतं. टीचर त्याचा पदर कागदाशेजारी धरायच्या आणि मान हलवायच्या. अजून नाही. अजून नाही. एका दुपारी मी फळीवरून उतरले, त्यांनी कागद सोलून उचलला, पदर शेजारी धरला. आत जाऊन चहा करून आणला. त्या स्वतः चहा करून आणतात म्हणजे रंग जुळला, हे मला नंतर कळलं.

पहिली काही चित्रं घेऊन त्या फादरांकडं गेल्या, मी चित्रं धरायला सोबत. फादरांनी एकेक चित्र निरखून बघितलं. चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "टीचर, गॅरंटी काय? झाडपाल्याचा रंग. उडाला तर?"

मला वाटलं आता ह्या त्यांना झाडतील. टीचर म्हणाल्या, "उडेलही. मला माहीत नाही."

मग असं ठरलं की एका उपवासकाळापासून पुढच्या उपवासकाळापर्यंत बघायचं. टीचरनी लाल रंगाची एक पट्टी दक्षिणेच्या खिडकीत ठोकली. अर्ध्या पट्टीवर दगडी पाटी बांधली, अर्धी उन्हाला उघडी. वर्षभर त्या पाटीला कोणी हात लावायचा नाही. माझं पोर तोवर रांगायला, मग उभं राहायला लागलं. खिडकीकडं गेलं की मी धावायची. बावतीसदादा येता-जाता चिडवायचे, "टीचर, पगार कागदावर, पेन्शन कागदावर, आता कागद पन घरीच करतेस. उद्या नोटा छाप!"

वर्ष झालं. फादर आले, ते गृहस्थ आले. टीचरनी पाटी सोडली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ते गृहस्थ पट्टीवर बोट फिरवत रेष शोधत होते. रेष नव्हती. झाकलेला लाल आणि उघडा लाल एकच होता.

"करा पुरी," फादर म्हणाले. "पुढच्या उपवासकाळात लावू."

मला आता वाटतं, माणसानं त्या दिवशीच थांबावं. पण चित्रं अर्ध्याच्या थोडी वर झाली होती, बाकीची राहिली होती.

पावसाळा संपल्यावर बावतीसदादा ओसरीवर येऊन बसले. कधी न बसणारा माणूस. म्हणाले, "टीचर, बावखलाची बाजू दिली. बिल्डिंग येते. आपल्याला त्यात फ्लॅट आहेत, तुला पन."

टीचर ठसा कोरत होत्या. हात थांबला. "बावखल दिलंस?"

"मच्छर होतात त्यात. पानी कोन पितो त्याचा आता? तुझे कागद सोडले तर."

"झाडं आहेत काठाला."

"बारतोंडी? टीचर, ती गुरं पन खात नाहीत." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझी दोन पोरं आहेत गो. ती काय तुझ्या कागदात राहतील?"

त्यांच्या पोरांना घर हवंच होतं. कारखान्याच्या पगारात पत्र्याखाली राहणाऱ्या मलाही हवं होतं. टीचरनी एवढंच विचारलं, "उपवासकाळापर्यंत थांबशील?" बावतीसदादा म्हणाले, बघतो. त्यांनी खरंच बघितलं असेल. डंपर नाताळाच्या आधीच आले.

त्या सकाळी आम्ही दोघींनी बावखलातून पाणी वाहिलं. बादल्या, घागरी, पातेली, मोडका पिंप, माझ्या पोराचा आंघोळीचा टब. एकीकडून आम्ही पाणी काढतोय आणि दुसरीकडून डेब्रिज पडतंय. फुटक्या लाद्या, विटा, कुणाच्या तरी संडासाचा पांढरा तुकडा. पाणी गढुळायला लागलं तशा टीचर थांबल्या. ड्रायव्हर मराठीच होता, म्हणाला, "आजी, टँकर मागवा की, चांगलं पाणी येतं." टीचर त्याला म्हणाल्या, "हो रे बाळा." बारतोंडीची झाडं जेसीबीनं एका फटक्यात काढली. मुळं वर आली, सगळ्या बाजूंची, लालपिवळी. टीचरनी ती गोणीत भरली. पहिल्यांदाच त्यांना हवी तेवढी मुळं मिळाली होती.

मग घाई सुरू झाली. साठवलेलं पाणी नासायच्या आत उरलेली स्थानं छापायची होती. घाईचं काम टीचरनी आयुष्यात केलं नव्हतं. तरी रंग बरा उतरला, पदराशी जुळला. मी फळीवर बसले. पोराला बाहेर शेजारणीकडं दिलं होतं. श्वाससुद्धा हळू घेत होते. आणि समोर पाया घालायचं काम सुरू झालं. जमिनीत खांब ठोकायचं यंत्र. धप्. ओसरीवरचं पातेलं थरथरायचं. धप्. फळीतून माझ्या मांड्यांपर्यंत यायचं.

टीचरनी कागद सोलला. लाल लुगड्यातली बाई दुहेरी उठली होती. दोन चेहरे, चार डोळे, एकमेकांवर सरकलेले.

"मी नाही हलले, टीचर," मी म्हटलं. "देवाशप्पथ, मी नाही हलले."

"माहीत आहे ग. तू नाही. जमीन."

आम्ही दुपारच्या सुट्टीत करून बघितलं, मजूर जेवायला बसले की. पण खळ लावून, कागद दमट करून, ठसा जागेवर आणेपर्यंत त्यांची जेवणं उरकायची. रविवारी करून बघितलं, तर रविवारीही काम असायचं. पाण्याला वास यायला लागला. मग टीचरनी विहिरीचं पाणी घेतलं, लाल काळा पडला. टँकरचं घेतलं, तपकिरी आला. कुणाच्या तरी टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यात चुन्याची निवळी घालून बघितलं, तर विटकरी. अर्नाळ्याकडून कुणीतरी बारतोंडीची दुसरी मुळं आणून दिली, त्याचा लाल निघाला, पण पदराशेजारी धरला की परका वाटायचा. अर्ध्या वाटेवर आईचं लुगडं एक आणि पुढं दुसरंच. "चालेल की, टीचर," मी म्हणायचे. "लांबून कोणाला कळतंय?" त्या माझ्याकडं बघायच्या, त्या बघायला आलेल्या माणसाकडं बघितलं असेल तशा.

उपवासकाळ आला. भिंत मोकळी ठेवणं कमिटीला पटेना. फादरनी आणखी थांबायची तयारी दाखवली होती, पण तोवर बावतीसदादांनी चौदा स्थानं आणवली. फायबरची, उठावाची, सोनेरी काठाची. खाली पितळी पाटीवर आईचं नाव. जमिनीचे पैसे हातात आले तसं त्या माणसानं पहिलं काम हे केलं. मनापासून केलं. ओसरीवर येऊन टीचरना म्हणाले, "तुझं ओझं उतरवलं गो. किती वर्षं मरमर करशील?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आईच्या नावानं आलेलं.

मी टीचरसोबत चर्चमध्ये गेले. त्या पहिल्यापासून चौदाव्या स्थानापर्यंत एकेका ठिकाणी थांबत गेल्या. वाटेवरच्या बायका निळ्या-जांभळ्या झग्यांत होत्या, गोऱ्यापान. टीचरनी एकीच्या झग्यावरून बोट फिरवलं, त्या गृहस्थांनी पट्टीवरून फिरवलं होतं तसं.

"रंग पक्का आहे," त्या म्हणाल्या.

पत्र्याच्या खोल्या निघाल्या तेव्हा आम्ही विरारला मनवेलपाड्यात गेलो. पुढं मी घरीच कागदी पिशव्या, आकाशकंदील करायला लागले, त्यावर पोरांच्या फिया भरल्या. हात मोडून न बसण्याचं शिक्षण सगळं त्यांचंच. त्यांना भेटायला जायचं म्हणत वर्षं गेली. जाईन, बोलेन काय, ह्याची भीती.

गेले तेव्हा टीचर त्या बिल्डिंगमध्येच दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. म्हणजे बावखलाच्या बरोबर वर. नळाला पाणी टँकरचं. चित्रं पलंगाखाली गुंडाळलेली. साडी पांढरीच, पण आता तिच्यावर एकही डाग नव्हता. खिडकीखाली ती आंब्याची फळी होती, तिच्यावर औषधाच्या बाटल्या.

"बरी वजनदार झालीस," त्या म्हणाल्या. "बसतेस?"

केळीच्या कागदाचा एक ताव उरला होता. चौदावं स्थान, येशूला थडग्यात ठेवतात ते, त्याचा ठसा कोरून कधीचा तयार होता. मी विचारलं, "रंग कुठला?"

"कुठलाच नाही."

कागद दमट केला, ठसा तसाच कोरडा ठेवला, गोधडी, फळी. मी गुळगुळीत लादीवर बसले. बिल्डिंग अगदी स्थिर होती. पोरं क्लासवरून येतील, दाराला कुलूप नीट लावलं का, गॅस बंद केला का, सगळं डोक्यात फिरत होतं. मी हलले नाही. टीचर समोर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि बराच वेळ उतर म्हणाल्याच नाहीत.

कागद सोलला तेव्हा मला पांढऱ्यावर काहीच दिसलं नाही. टीचरनी तो खिडकीशी नेऊन तिरपा धरला. दोन बिल्डिंगींच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती. तिच्यात छाप वर आला. गुहेचं तोंड, पाय, वाकलेल्या बाईचा पदर. नुसता उठाव, नुसती सावली. कोपऱ्यात लाल पेनची एक पुसट फुली. मग ऊन सरकलं आणि कागद परत कोरा झाला.

"निघ तू," त्या म्हणाल्या. "लांब जायचंय तुला."

खाली गेटपाशी पोचल्यावर मी वर बघितलं. ग्रिलच्या आत टीचर उभ्या होत्या. कागद हातात होता, एकदा असा तिरपा, एकदा तसा. ऊन कधीच पलीकडच्या बिल्डिंगमागं गेलं होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि त्या अजून कागद फिरवून बघत होत्या.